वसाबी: गार, निवळशंख, खेळत्या पाण्याचं पीक

जपानच्या नागानो प्रांतात अझुमिनो नावाचा डोंगरांनी वेढलेला सपाट मुलूख आहे. तिथल्या दाइओ या वसाबीच्या, म्हणजे सुशीसोबत किसून खातात त्या झणझणीत जपानी कांडीच्या शेतात ऑगस्टमध्ये जा किंवा जानेवारीत, जमिनीतून वर येणारं पाणी साधारण १३ अंश सेल्सिअसच असतं. बाहेर उन्हाळ्यात पारा तिशीपार जातो, हिवाळ्यात पहाटे शून्याखाली उतरतो. पाण्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं. वसाबीची शेती समजून घ्यायची तर या १३ च्या आकड्यापासून सुरुवात केलेली बरी. दगड रचणं, सावली धरणं, गाळ उपसणं ही बाकीची सगळी मेहनत तो आकडा रोपाच्या मुळाशी टिकवण्यासाठीच चाललेली असते.

आधी रोपाची ओळख. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर ही सगळी वसाबीची भावकी. फुलं पाहिली की नातं लगेच पटतं: चार पांढऱ्या पाकळ्या, फुलीसारख्या मांडलेल्या. पानं हृदयाच्या आकाराची, लांब देठांची. जी हिरवट, गाठाळ कांडी किसून खातात तिला लोक सर्रास मूळ म्हणतात, पण ते खोड आहे. खालची जुनी पानं गळत जातात, त्यांच्या खुणा गाठी होऊन राहतात आणि खोड हळूहळू वर सरकतं. वीतभर कांडी व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात. त्या काळात एक आठवडा जरी पाणी बिनसलं तरी मेहनत वाया जाऊ शकते.

तिखटपणाचं गणित मात्र मराठी घराला नवीन नाही. रायत्यासाठी मोहरी फेसायला घेतली की कोरडी असताना तिला वास असा नसतोच. थोडं गार पाणी घालून घोटू लागलं की दोन-तीन मिनिटांत डोळ्यांतून पाणी येतं आणि झणका थेट नाकात चढतो. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचा एक बिनतिखट पदार्थ आणि मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा चिरडला, पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते आणि अलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं. वसाबी किसताना तंतोतंत हेच घडतं, हाच पदार्थ तयार होतो. तो हवेत उडणारा आहे, म्हणून नाकात जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन उडत नाही, म्हणून ते जिभेवरच ठाण मांडून बसतं. वसाबीत याच घराण्यातली आणखी काही संयुगं असतात, त्यांच्यामुळे तिला तो हिरवा, किंचित गोडसर वास येतो. मोहरीत तो नाही. किसल्यावर काही मिनिटांत झणका भरात येतो आणि पंधरा-वीस मिनिटांत ओसरायला लागतो. म्हणून चांगल्या सुशीवाल्याकडे वसाबी गिऱ्हाईक समोर बसल्यावरच किसतात, तीही शार्कच्या खरखरीत कातडीवर, गोल गोल फिरवत. आपल्या किसणीवर तिचा कीस पडेल, पण हवी तशी लगदी होणार नाही.

(या नाकझणक्याचा एक उपयोग जपानी संशोधकांनी शोधला: ऐकू न येणाऱ्या माणसाला आग लागल्यावर झोपेतून उठवायला वसाबीच्या वासाचा फवारा. त्यासाठी हवेत नेमकं किती प्रमाण हवं हे ठरवल्याबद्दल २०११ साली त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं बक्षीस मिळालं. हसून सोडून द्यायची गोष्ट वाटते, पण काम पक्कं होतं.)

आता पाण्याकडे येऊ. वनस्पती हे झणक्याचं रसायन किडींना आणि बुरशीला दूर ठेवायला बनवते. वसाबीच्या बाबतीत ते मुळांवाटे आजूबाजूलाही झिरपतं. साध्या मातीत ते साठून राहतं, आणि मग दुसऱ्यांसाठी केलेलं विष स्वतःच्याच वाढीला जाचतं. मातीत लावलेली वसाबी जगते, पानं चांगली देते, पण कांडी बारीक राहते. जपानी शेतकरी आणि अभ्यासक त्याचं मुख्य कारण हेच देतात. वाहतं पाणी हे रसायन सतत धुऊन नेतं. जपानमध्ये शेतात लावलेली वसाबीही भरपूर होते, पण तिचा बराचसा माल प्रक्रियेला जातो. किसून खायची जाड कांडी हवी तर ओढाच लागतो.

पाण्याचं दुसरं काम प्राणवायू पुरवण्याचं. १३ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेदहा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळून राहू शकतो, २५ अंशांना तो सव्वाआठवर येतो. फरक फार मोठा वाटत नाही. पण त्याच वेळी गरम पाण्यात मुळांचा श्वासोच्छ्वासही वाढतो, दहा अंशांमागे साधारण दुप्पट. म्हणजे मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. मुळं गुदमरली की मऊ पडतात, जिवाणू शिरतात आणि कांडी आतून सडते. वरून पान टवटवीत दिसतं आणि उपटल्यावर हातात दुर्गंधी येणारा लगदा येतो, असं या पिकात होऊ शकतं. म्हणून पाण्याचं तापमान ८ ते १८ च्या दरम्यान, आणि जमलं तर १२ ते १५ मध्येच राहिलं पाहिजे.

तिसरं काम अन्नाचं, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. डोंगरातून आलेल्या झऱ्याच्या पाण्यात पोषणद्रव्यं अगदी नाममात्र असतात. समजा लिटरला १ मिलिग्रॅम नत्र आहे. बादलीभर पाण्यात ते काहीच नाही. पण सेकंदाला १ लिटर वाहणारं पाणी दिवसाला ८६,४०० लिटर होतं, म्हणजे ८६ ग्रॅम नत्र, वर्षाला ३१ किलो. त्यातलं बरंचसं पुढे वाहून जातं हे खरं, पण रोपाला चोवीस तास थोडं थोडं मिळत राहतं. म्हणून पारंपरिक वसाबी शेतीत वरून खत जवळजवळ घालतच नाहीत.

आणि चौथं, गारव्याचं. इथे एक जाडसर हिशोब करून पाहण्यासारखा आहे. एक गुंठ्याचा उघडा वाफा घ्या, म्हणजे अंदाजे १०० चौरस मीटर. भर दुपारी चौरस मीटरमागे ५०० वॅट उष्णता पाण्यात उतरली असं धरलं तर गुंठ्यात ५० किलोवॅट झाली. त्यावरून सेकंदाला १ लिटर पाणी जात असेल तर ते दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तब्बल १२ अंशांनी तापेल. १३ चं २५ झालं, पीक गेलं. तेच पाणी सेकंदाला १० लिटर असेल तर वाढ सव्वा अंशाच्या आतबाहेर. दाइओचं शेत सुमारे १५ हेक्टरचं आहे आणि तिथे दिवसाला १ लाख २० हजार टन पाणी जमिनीतून येतं असं ते सांगतात. भागाकार केला तर सगळ्या क्षेत्रावर गुंठ्याला सेकंदाला १ लिटरच्या जवळपास पडतं. इतकं प्रचंड वाटणारं पाणीसुद्धा उघड्या उन्हाला पुरं पडणार नाही. म्हणूनच ऊन तापू लागलं की तिथे सगळ्या वाफ्यांवर काळी जाळी ताणतात. पर्यटकांच्या फोटोत ती जाळी कुरूप दिसते खरी, पण तिच्याशिवाय शेत नाही.

एवढं समजलं की वाफा कसा बांधतात ते सहज उलगडतं. जपानमध्ये त्याच्या चार मुख्य पद्धती आहेत. अझुमिनोत सपाट जमीन खोल खणून भूजल उघडं करतात आणि वाळू-खड्यांचे लांबच लांब वरंबे घालतात. काही ठिकाणी ओढ्याच्या पात्रातच दगडांचे बांध घालून भागवतात. पण सगळ्यांत विचारपूर्वक रचलेली पद्धत शिझुओका प्रांतातल्या इझू द्वीपकल्पात आहे, तिचं नाव तातामी-इशी. १८९२ च्या सुमारास नाकाइझू भागातल्या हिराई कुमातारो यांनी ती बसवली असं मानलं जातं.

लांबून पाहिलं तर आपल्या कोकणातल्या उतारावरच्या भातखाचरांसारखीच पायऱ्यापायऱ्यांची शेतं. फरक आतल्या भरात आहे. भातखाचरात चिखल करून पाणी अडवायचं असतं, इथे ते अडता कामा नये. जवळजवळ मीटरभर खोलीत सगळ्यांत खाली डोक्याएवढे धोंडे बसवतात. त्यांच्यावर मुठीएवढे गोटे, मग बारीक खडी, आणि अगदी वर वाळूचा थर. रोप त्या वाळूत लावतात. वरच्या टोकाकडून पाणी सोडलं की ते वाफ्यावर पातळ चादरीसारखं पसरतं. थोडं वरून वाहत राहतं आणि थोडं वाळूतून खाली झिरपून मुळांना धुऊन जातं. मुळांशी सतत नवं पाणी येतं, गढूळपणा वाळूत अडकतो, आणि खाली धोंड्यांमधून सावलीत गेलेलं पाणी पुढच्या पायरीला फारसं न तापता बाहेर पडतं. गाळणी, शीतपेटी आणि हवा भरणारा पंप ही तिन्ही यंत्रं दगडांची केली आहेत. त्यात फिरणारा एकही भाग नाही, हे मला या सगळ्यात सर्वांत थोर वाटतं. शिझुओकाच्या या शेतीला २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाच्या यादीत घेतलं.

लागवडीचा मूळ इतिहासही शिझुओकातलाच. आबे नदीच्या उगमाकडच्या उतोगी गावात सुमारे ४०० वर्षांपूर्वी रानातली वसाबी आणून झऱ्याच्या पाण्यात लावली गेली. सुनपूला (आजच्या शिझुओका शहरात) राहायला आलेल्या तोकुगावा इएयासू या माजी शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला ती भेट दिली गेली, त्याला ती फार आवडली आणि रोपं गावाबाहेर न्यायला बंदी आली असं सांगतात. तिचं पान तोकुगावा घराण्याच्या चिन्हातल्या पानासारखं दिसतं, हेही एक कारण जोडलं जातं. पुढे १७४४ मध्ये इझूहून शीइताके अळंबीची लागवड शिकवायला उतोगीला गेलेल्या इतागाकी कांशिरो यानं परतताना रोपं इझूत आणली, अशी तिथली परंपरागत हकिकत आहे. बंदी असलेली रोपं त्यानं नेमकी कशी आणली याच्या कथा जितक्या तोंडी तितक्या तऱ्हा.

शेतातलं काम पाहिलं की मात्र सगळी रम्यता उतरते. वर्षभर त्या गार पाण्यात गमबूट घालून, वाकून उभं राहायचं. काढणीला यंत्र नाही. एक ठोंब हातानं उपटायचा, पाण्यात झटकून वाळू काढायची, मधली जाड कांडी वेगळी करायची आणि बाजूचे फुटवे मोडून घ्यायचे. चांगले निरोगी फुटवे पुन्हा लावायला जातात, पानं आणि देठ लोणच्याला. शिझुओकात साके ही तांदळाची दारू गाळून उरलेल्या चोथ्यात मुरवून त्यांचं प्रसिद्ध लोणचं करतात. वाफा रिकामा झाला की खरं कष्टाचं काम सुरू होतं. दीड-दोन वर्षांत वाळूत गाळ, शेवाळ, कुजलेली मुळं बसलेली असतात. ती वाळू उकरून, उलथून, पाण्याच्या जोरावर धुऊन काढायची. हा टप्पा कुणी टाळला तर वरून पाणी निवळ दिसतं, पण आत ते झिरपत नाही, आणि पुढच्या पिकाची मुळं काळी पडतात.

रोपांचाही प्रश्न असतो. फुटवे पिढ्यान्‌पिढ्या लावत राहिलं की रोगही सोबत येतात, म्हणून अधूनमधून बियांपासून किंवा ऊतीसंवर्धनानं नवी रोपं करावी लागतात. वसाबीचं बी सुकलं की मरतं. ते ओलसर आणि थंडच ठेवावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पाणी गढूळ झालं की काय होतं ते ऑक्टोबर २०१९ मध्ये दिसलं. हागिबिस वादळाच्या पावसानं इझूतल्या आणि टोकियोच्या डोंगराळ ओकुतामा भागातल्या वसाबीच्या पायऱ्यांवर दगडमाती आणून लोटली. भाताचं शेत एका हंगामात उभं करता येतं. इथे थरांमध्ये शिरलेली माती काढायची म्हणजे वाफा तळापासून उचकटून पुन्हा रचायचा, आणि त्यानंतर पहिली काढणी दीड वर्षानं. ज्यांची वयं सत्तरीकडे झुकली आहेत त्यांनी हे कुणाच्या भरवशावर करायचं? त्यात हरणं आणि रानडुकरं आहेत. पाण्याचं मूळ ज्या जंगलात आहे तिथे युद्धानंतर एकसारखी लावलेली ‘सुगी’ या जपानी सूचिपर्णी वृक्षाची झाडं आता विरळणीशिवाय दाटली आहेत, त्यानं झऱ्यांवर परिणाम होतो अशीही तक्रार आहे. हवा तापत चालली की झरेही तापणार, कारण भूजलाचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी हवामानाच्या मागोमाग जातं.

हे शेवटचं वाक्य आपल्या कामाचं आहे. स्ट्रॉबेरी रुजल्यापासून कुठलंही थंड मुलखातलं पीक निघालं की ‘महाबळेश्वरला होईल का?’ हा प्रश्न येतोच. पाऊस तर तिथे इझूच्या डोंगरांपेक्षा जास्त आहे. पण भूजलाचं तापमान हे ढोबळमानानं त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरी तापमानाइतकं किंवा अंश-दोन अंश जास्त असतं. अझुमिनोत ही सरासरी १२ च्या आसपास, म्हणून झरा १३ चा. महाबळेश्वरची सरासरी विसाच्या आसपास, म्हणजे झऱ्याचं पाणी २० किंवा वर. डिसेंबरच्या पहाटे वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात त्याचा इथे उपयोग नाही. वसाबीला मे महिन्याची दुपार काढायची असते. शिवाय सह्याद्रीचा काळा कातळ पाणी भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाच्या थरात धरतो. जिथे जुलैत छपरं हादरवणारा पाऊस पडतो त्याच डोंगरावरच्या वाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. वसाबीला बारा महिने, रात्रंदिवस, सारखंच पाणी लागतं. पाणी यंत्रानं गार करून, फिरवून, बंद खोलीत ती वाढवता येते. पण मग तो शेतीपेक्षा विजेच्या बिलाचा धंदा होतो, आणि दीड वर्षात एक रात्र वीज गेली तर काय, याचं उत्तर आधी तयार ठेवावं लागतं.

हिमालयात गोष्ट वेगळी आहे. ट्राऊट माशाला जवळजवळ असंच गार, प्राणवायूनं भरलेलं, वाहतं पाणी लागतं, आणि हिमाचलात तो पाळला जातो. तिथेही ओढा बर्फाचा असेल तर हिवाळ्यात फार गार आणि उन्हाळ्यात गढूळ होणार, त्यापेक्षा जमिनीतून निघणारा झरा बरा. कुणाला प्रयोग करायचाच असेल तर रोपांच्या आधी एक थर्मामीटर घ्यावा आणि झऱ्याच्या तोंडाशी वर्षभर नोंद ठेवावी, मे-जूनची दुपार आणि जानेवारीची पहाट धरून. सोबत एक बादली आणि घड्याळ घेऊन ती किती सेकंदांत भरते ते दर महिन्याला मोजावं. दक्षिण इंग्लंडात वॉटरक्रेस या पाण्यात वाढणाऱ्या पालेभाजीच्या काही शेतकऱ्यांनी वसाबी लावली, कारण खडूच्या खडकातून वर्षभर सारखं गार पाणी आधीपासूनच त्यांच्या वाफ्यांत खेळत होतं. त्यांना पाणी शोधायला जावं लागलं नाही.

ऑनलाइन मात्र ‘वसाबीचं बी’ कोरड्या पाकिटात, कुंडीत लावा अशा सूचनेसह खुशाल विकलं जातं. बियांबद्दल वर जे सांगितलं ते आठवा आणि पैसे वाचवा.

खायच्या वसाबीचंही तसंच आहे. आपल्याकडे सुशीसोबत जी पोपटी गोळी येते ती बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश नावाच्या युरोपी मुळाची पूड, मोहरी, स्टार्च आणि हिरवा रंग यांची असते. जपानमधल्या स्वस्त दुकानांतही हेच चालतं. त्यात फसवणूकच आहे असं मी म्हणणार नाही. झणका त्याच अलाइल आयसोथायोसायनेटचा असतो आणि भाव परवडतो. फक्त पाकीट उलटून घटकांची यादी वाचावी, आणि खऱ्या वसाबीचे पैसे लावले असतील तर वसाबीचं नाव त्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे ते बघावं.